मैनेचा ‘उद्या’

गेल्या डिसेंबरात भोपाळला जाण्याचा योग आला. योग कसला, मला मुद्दाम पाठवण्यातच आले. माझ्या आईची धाकटी बहीण, आमची मौशी, लग्न होऊन गेली ती भोपाळचीच झाली. तिचे यजमान ‘भेल’ कारखान्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी हबीबगंज भागात छोटेसे घर घेतले. ते जाऊन आता नऊ वर्षे झाली. एकुलता एक मुलगा बंगळूरला असतो. मौशीचे वय ब्याऐंशी. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत. या मौशीने दिवाळी सरल्यावर एकेकाला फोन केले आणि जाहीर केले, “मी आता वृद्धाश्रमात जाणार. धारवाडजवळ जागा बघून ठेवलेली आहे.”

झाले! आमच्याकडे, धारवाडला आणि बंगळूरला एकदमच कल्लोळ उडाला. माझ्या आईने अन्नपाणी सोडायचे तेवढे बाकी ठेवले. “मी जिवंत असताना माझी बहीण आश्रमात? लोक तोंडात शेण घालतील,” हे तिचे पालुपद. मावसभावाचा रात्री अकराला फोन. “अक्का, तू एकदा जाऊन ये. तुझं ऐकते ती. तू कॉलेजात शिकवतेस, तुला बोलायला येतं.” कॉलेजात शिकवणाऱ्याला घरातही बोलायला येते, हा आपल्याकडचा एक गोड गैरसमज आहे. असो. नाताळची सुट्टी होतीच. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निघाले.

हबीबगंजच्या रेल्वे स्टेशनाला २०२१ सालापासून राणी कमलापती हे नाव आहे. मला भेटलेल्या रिक्षावाल्याला मात्र ‘हबीबगंज’ म्हटल्यावरच पत्ता कळला. माणसांच्या तोंडातली नावे इतक्या लवकर बदलत नाहीत. मौशी दारातच उभी होती. कडाक्याच्या थंडीत अंगावर शाल, पायात मोजे आणि कपाळाला विभूती. पाया पडायला वाकले तर म्हणाली, “आधी सांग, न्यायला आलीस की समजवायला?” मी म्हटले, “जेवायला आले.” तिने ज्वारीच्या भाकऱ्या आणि एण्णगाई करून ठेवली होती. भोपाळात राहून तिने गहू जवळ केला, पण ज्वारी सोडली नाही.

या घरात तीन भाषा नांदतात. देवापुढे कन्नड, चुलीपुढे मराठी आणि दारात आलेल्या प्रत्येकाशी हिंदी. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आपल्यातल्या किती घरांत सासू एका भाषेत रागावते आणि सून दुसऱ्या भाषेत उत्तर देते! तर सांगायचे ते हे की, दोन दिवस मी मुद्द्याला हातच घातला नाही. धीरच होईना. तिसऱ्या संध्याकाळी शेजारच्या काकू चहाला आल्या आणि बोलणे सिनेमावर गेले. भोपाळात सिनेमाचा विषय निघाला की गाडी हमखास जया भादुरीवर येते. तिचे वडील तरुणकुमार भादुरी पत्रकार. ती शिकली भोपाळच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये. शाळकरी वयात सत्यजित राय यांच्या ‘महानगर’मध्ये (१९६३) दिसली. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेली आणि १९७१ साली ‘गुड्डी’ होऊन घराघरांत पोचली. शेजारच्या काकू अगदी माहेरची पोर असल्यासारखे सांगत होत्या.

मौशीने सगळे ऐकून घेतले. त्या गेल्यावर मला म्हणाली, “जया पुण्यात शिकली ती जागा कुठली, माहीत आहे काय? प्रभातचा स्टुडिओ तो. तिच्या आधी तीस वर्षं आमच्या हुबळीची एक पोरगी त्याच आवारात उभी राहून गात होती. तिचं नाव इथं कुणाला ठाऊक नाही.”

मौशीचे म्हणणे खरे होते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली, १९३३ साली पुण्याला गेली आणि १९५३ साली बंद पडली. त्याच जागेत १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. आणि हुबळीची ती पोरगी म्हणजे ‘माणूस’ची नायिका शांता हुबळीकर.

वाचकहो, आपल्या आई-आजीच्या पिढीला हे नाव सांगावे लागले नसते. पण माझ्या वर्गातल्या साठ मुलांना विचारले तर एकाचाही हात वर गेला नाही. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

शांताबाईंचे मूळ नाव राजम्मा. जन्म १४ एप्रिल १९१४, हुबळीजवळच्या अदरगुंची गावचा. घरची भाषा कन्नड. हा मुलूख कसला आहे हे आपल्याला सांगायला नको. सवाई गंधर्व कुंदगोळचे. गंगूबाई हनगल शांताबाईंहून एकाच वर्षाने मोठ्या. त्या मातीत मुलीच्या गळ्यात सूर असणे ही काही अचंब्याची गोष्ट नव्हती. अचंब्याची गोष्ट होती ती मुलीने त्या सुरांवर पोट भरणे. गाणाऱ्या, नाटकात काम करणाऱ्या बाईकडे त्या काळी समाज कुठल्या नजरेने पाहत असे, हे गंगूबाईंच्या चरित्रातही वाचायला मिळते.

तेव्हा हुबळी, धारवाड, बेळगाव, विजापूर हे सगळे मुंबई इलाख्यात होते. राज्यांची पुनर्रचना व्हायला १९५६ साल उजाडायचे होते. कलावंतांना कोल्हापूर आणि पुणे म्हणजे परमुलूख नव्हताच. उलटही खरे. पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ साली आला, आणि तो तयार झाला बंगळूरला नव्हे, कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये! या येण्याजाण्यातून किती जणी आल्या पाहा. लीला चिटणीस जन्माने धारवाडच्या. अमीरबाई कर्नाटकी तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या. शांता आपटे सोलापूरच्या सीमेवरच्या दुधनीच्या. आणि राजम्मा झाली शांता हुबळीकर. या आडनावाकडे जरा बघा. गाव कन्नड, प्रत्यय मराठी. आपल्या सगळ्या भागाचे आडनाव म्हणून ते शोभले असते.

कोल्हापुरात त्यांचे पहिले चित्रपट झाले. भालजी पेंढारकरांच्या ‘कान्होपात्रा’त (१९३७) त्या होत्या. मग प्रभातने बोलावले. १९३८ साली के. नारायण काळे यांच्या ‘माझा मुलगा’मध्ये त्या शाहू मोडकांसमोर नायिका झाल्या. आणि १९३९ साली आला व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’. तोच हिंदीत ‘आदमी’. दोन्ही भाषांत नायक-नायिका तेच, शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. मराठीत तिचे नाव मैना, हिंदीत केसर. घरी कन्नड बोलणाऱ्या बाईने एकाच वेळी मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत नायिका उभी केली, हे लक्षात घेतले की त्यांचे मोठेपण कळते. पार्श्वगायनाचा रिवाज तेव्हा रुजायचा होता. जो चेहरा, त्याचाच गळा.

‘माणूस’ मी त्या रात्री मौशीबरोबर पाहिला. माझ्या लॅपटॉपवर, दोघींच्या अंगावर एकच रजई घेऊन. कथा थोडक्यात अशी. गणपत हा साधा पोलीस शिपाई. जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडतो, तेव्हा त्याला मैना भेटते. ती वेश्या आहे. तो तिला वाचवतो आणि तिच्यात गुंततो. तिला लग्नाचे विचारतो, आपल्या आईसमोर नेऊन उभे करतो. आईच्या भाबड्या, देवभोळ्या मायेपुढे मैना गुदमरते आणि निघून जाते. पुढे तिला छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला पळून जायची वाट देऊ पाहतो, ती नाकारते. तिला जन्मठेप होते. गणपत कोसळतो, पण शेवटी सावरतो आणि आपल्या कामावर परत जातो.

त्याच्या चार वर्षे आधी, १९३५ साली, बरुआंचा ‘देवदास’ आला होता. प्रेमात हरलेला नायक दारू पिऊन मरतो, आणि सगळा देश रडतो. शांतारामबापूंना हे रुचले नव्हते. प्रेमभंग झाला म्हणून जगणे सोडायचे नसते, हे सांगायला त्यांनी ‘माणूस’ काढला. चित्रपटाला इंग्रजीत जोडनावही तसेच दिले होते, ‘लाइफ इज फॉर लिव्हिंग’.

पण गंमत अशी की, लोकांच्या ध्यानात राहिले ते गणपतचे सावरणे नव्हे. राहिले मैनेचे गाणे. मास्तर कृष्णरावांची चाल, मराठी शब्द अनंत काणेकरांचे. ‘कशाला उद्याची बात’ या गाण्याने सगळा महाराष्ट्र वेडा केला. ते वेगवेगळ्या प्रांतांतल्या गिऱ्हाइकांपुढे गायले जाते आणि त्यात वेगवेगळ्या भाषांतली कडवी येतात. शांताबाईंनी ती अशा सहजतेने म्हटली आहेत की, बहुभाषिक घरात वाढलेल्या माणसाला आपलीच कुणी आठवावी. मौशीची आई, म्हणजे माझी आजी, धारवाडला जात्यावर हे गाणे गुणगुणायची म्हणे. दोन ओळी मराठीत आणि पुढचे विसरले की कन्नडात स्वतःचे काहीतरी.

चित्रपट संपला तेव्हा बारा वाजून गेले होते. मी आपला अभ्यासू शेरा मारला, “किती आधुनिक विचार आहे ना मौशी, आजचा दिवस जगून घ्या म्हणणारा!” तिने माझ्याकडे असे पाहिले की मी विद्यार्थिनी झाले.

“तुला गाणं कळलं, सिनेमा नाही कळला,” ती म्हणाली. “ते गाणं ती कुणाला म्हणते? गिऱ्हाइकाला. गिऱ्हाइकानं उद्याचा विचार केला तर तो खिसा मोकळा करील काय? धंद्याचं बोलणं आहे ते. तिला स्वतःला विचार की. सगळ्या सिनेमात उद्याचा विचार करणारी ती एकटीच आहे. गणपत म्हणतो लग्न करू. उद्या काय होईल, त्याला दिसतच नाही. तिला दिसतं. म्हणून ती त्याच्या आईच्या घरातून निघून जाते. तो म्हणतो पळ. ती नाही पळत, कारण पळाल्यावर उद्या त्याचं काय होईल हे तिला ठाऊक आहे.”

बी.ए.च्या वर्गाला मी बरीच वर्षे साहित्य शिकवते. हा अर्थ मला कधी सुचला नव्हता. गाण्याची तबकडी चित्रपटातून बाहेर काढली आणि आपण ते बोधवचन करून टाकले. चित्रपट मात्र त्याच्या नेमके उलट सांगतो. उद्या असतोच, आणि त्याला तोंड देणे म्हणजेच माणूस असणे.

“आणि त्या बाईचा उद्या?” मौशीने विचारले. “तो सांग की तुझ्या वाचकांना.”

तो सांगायलाच हवा. ‘माणूस’नंतर शांताबाईंचे लग्न झाले, संसार झाला. १९४२ साली त्या आपल्या मायबोलीतल्या चित्रपटात दिसल्या, गुब्बी वीरण्णांच्या संस्थेचा कन्नड ‘जीवन नाटक’. मराठी-हिंदीत आणखी काही चित्रपट झाले. पण मैनेच्या तोडीची भूमिका पुन्हा वाट्याला आली नाही. १९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले, पुढे प्रभातच मिटली. स्टुडिओच्या काळात नट-नटी महिन्याच्या पगारावर असत. पगार थांबला की हिशेब संपला. तबकडी कितीही वाजो, रेडिओवर गाणे कितीही लागो, गाणारीच्या हातात त्यातले काही पडत नसे. कलावंतांच्या अशा हक्कांची कायद्यात नीट तरतूद व्हायला २०१२ साल उजाडले. काळ किती बदलतो पाहा. त्याच आवारात शिकलेली भोपाळची जया २००४ साली राज्यसभेत जाऊन बसली.

शांताबाईंना मात्र आयुष्याच्या संध्याकाळी वृद्धाश्रमाचा आसरा घ्यावा लागला. एकेकाळी जिच्या तसबिरी लोक घरात लावत, तिची आठवणही कुणाला राहिली नव्हती. कुणाच्या घरात काय घडले याचा निवाडा करणारे आपण कोण? पण १९९० साली त्यांचे आत्मचरित्र मराठीत आले आणि त्याला नाव होते ‘कशाला उद्याची बात’. ज्या शब्दांनी मोठे केले तेच शब्द शहात्तराव्या वर्षी पुस्तकावर आले. पन्नास वर्षांपूर्वी ते गिऱ्हाइकाला भुलवणारे होते. आता ते विचारणारीचा ‘उद्या’ समोर उभा होता. पुस्तकामुळे लोकांना त्या पुन्हा आठवल्या. १७ जुलै १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

एवढे बोलून झाल्यावर मला वाटले, आता मुद्दा माझ्या हातात आला. मी म्हटले, “बघ, एवढी मोठी बाई, शेवटी आश्रमात. तेच आम्हाला तुझं व्हायला नकोय.”

मौशी हसली. “आश्रमात जाणं वाईट नव्हे ग. कुणी न विचारता, दुसरी वाट उरली नाही म्हणून जावं लागणं वाईट. मी हातपाय चालताहेत तोवर, माझ्या मनानं, माझ्या पेन्शनीवर जाते म्हणते. तर तुम्हाला लाज वाटते. मी पडून राहिल्यावर तुम्ही ठरवाल, तेव्हा नाही वाटणार काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. तरी मी म्हटले, “मग बंगळूरला का नको? मुलगा आहे, सून चांगली आहे.”

“चांगली आहे की. सकाळी आठला दोघं जातात, रात्री आठला येतात. नवव्या मजल्यावर मी आणि टी.व्ही. नातवंडं इंग्रजीत बोलतात, मी हसते. इथं हबीबगंजात निदान दारावरचा भाजीवाला ‘माताजी’ म्हणून दोन शब्द बोलतो.” थोडे थांबून तिने जे सांगितले ते मी जन्मभर विसरणार नाही. “गेल्या पावसाळ्यात मला ताप भरला, दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री घसा कोरडा पडला. पंचावन्न वर्षं मी हिंदी बोलते, पण त्या रात्री तोंडातून हिंदी येईचना. मराठीही येईना. ‘नीर, नीर’ म्हणत होते. नर्स बिचारी गुणाची पोर. जवळ येऊन विचारते, ‘माताजी, नीरू कौन है? बेटी है क्या? फोन लगाऊं?’ पाणी उशाशीच होतं ग. पण मला देता येईना तिला, तिला कळेना. तेव्हाच ठरवलं. जिथं ‘नीर’ म्हटल्यावर कुणीतरी पाणी देईल, तिथं मरायचं.”

रात्री दीड वाजता मी उठून चहा केला. दोघींना दुसरे काही सुचेना.

वाचकहो, आपण दोन-तीन भाषा बोलणारी माणसे. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाच. पण म्हातारपण आणि आजारपण एकेक भाषा हळूहळू काढून घेते, आणि खाली राहते ती आईच्या मांडीवर ऐकलेली. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची ती तळाची भाषा कुठली, हे आपण कधी विचारले आहे काय? त्यांना कुठे राहायला आवडेल, कोणाजवळ, कुठल्या गावात, हे तरी? आपण औषधे विचारतो, शुगर विचारतो, वारस कोण ते हळूच विचारतो. हे विचारत नाही.

आपल्या लहानपणची एक गोष्ट आठवते का बघा. कर्नाटकातल्या गावोगावच्या दारांवर, भिंतींवर खडूने ‘नाळे बा’ असे लिहिलेले असायचे. उद्या ये! रात्री दारावर थाप मारणारे भूत ते वाचून परत जाते आणि दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचते, असा समज. मराठी दुकानातही पाटी असतेच, आज रोख, उद्या उधार. उद्याला चकवण्यात आपण दोन्ही भाषांत पटाईत! म्हातारपणाच्या विषयाला आपण असेच दारातून परत पाठवत असतो. आई विषय काढते, आपण म्हणतो, “काहीतरीच काय बोलतेस, शंभर वर्षं जगशील.” बोलायला गोड, पण अर्थ तोच. नाळे बा.

कायद्याने आपल्या परीने पाऊल उचलले आहे. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुलांनी सांभाळले नाही तर त्यांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, त्यासाठी वकिलाची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा, असेही त्यात म्हटले आहे. शांताबाईंच्या काळी हा कायदा नव्हता. पण हा कायदा पोटगी मिळवून देईल. ‘नीर’ म्हटल्यावर पाणी देणारे माणूस तो कुठून देणार? ते घरच्यांनी आधी बसून, बोलून ठरवायचे असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंगळूरला व्हिडिओ कॉल लावला. मावसभाऊ आधी रागावला. “अक्का, तुला समजवायला पाठवलं होतं, तू तिच्याच पार्टीत गेलीस!” मग गप्प झाला. ‘नीर’ची हकिकत त्याला तिने सांगितलीच नव्हती. ती ऐकल्यावर तो कॅमेऱ्यासमोरून उठून गेला आणि पाच मिनिटांनी डोळे धुऊन आला. नंतर दोन तास बोलणे झाले. तिने वहीत मुद्दे लिहूनच ठेवले होते, शाळेच्या मुलीसारखे. हबीबगंजचे घर लगेच विकायचे नाही. आधी दोन महिने राहून बघायचे. नाही पटले तर परत. आजारपणात निर्णय कोणी घ्यायचे, बँकेचे कागद कुठे आहेत, दर महिन्याला कोणी भेटायला यायचे. आणि शेवटचा मुद्दा ठळक अक्षरांत, “मला भेटायला येणाऱ्यांनी रडत यायचे नाही.”

गुढीपाडव्याआधी मौशी धारवाडजवळच्या त्या आश्रमात आली. सगळे छान छान झाले असे मी लिहिणार नाही. तिथले सारू तिला पाणचट वाटते. खोलीतली जोडीदारीण रात्री घोरते. हबीबगंजची तुळस कोण बघते म्हणून ती मधेच हळवी होते. एकदा फोनवर दोन मिनिटे काहीच बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. पण मागच्या रविवारी गेले तेव्हा पाच-सहा जणींच्या घोळक्यात बसून ती हुबळीच्या शांताबाईची गोष्ट सांगत होती. कन्नडात. गाण्याच्या ओळी मात्र मराठीत. अर्थ विचारणाऱ्या एका आजींना ती म्हणाली, “अर्थ नंतर सांगते, आधी गोष्ट ऐका.”

माझी आई अजून तिकडे गेलेली नाही. तिचा राग आहेच. आम्ही तो विषयच टाळतो. पण परवा रात्री भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता तिने विचारले, “तिथं बारा महिने पाणी असतं काय ग? आणि संडास खोलीतच की बाहेर?”

दुसऱ्या दिवशीच्या तासांची तयारी व्हायची होती, पेपरांचा गठ्ठा समोर होता. “उद्या बोलू ग,” असे अगदी ओठांवर आले होते. मग मी गठ्ठा बाजूला ठेवला, तिच्याजवळ पाट ओढून घेतला आणि विचारले, “आई, तुला कुठं राहायला आवडेल?”

तिने तव्यावरची भाकरी उलटली, आणि बऱ्याच वेळाने बोलायला सुरुवात केली.